दोन त्रयस्थ पाहिजेत

शिवशरण गुरुजींनी सोमवारी सकाळी जाहीर केलं, की गुरुवारी अकराला नोटरीबाई येतील, अकरा पाचला ओळख, अकरा दहाला वाचन, अकरा वीसला सह्या, अकरा पंचविसाला शिक्का, आणि साडेअकराला चहा. चहाच्या आधी सगळं खलास! छत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेचं वेळापत्रक लावलं होतं आणि त्यातला एकही तास कधी घसरला नव्हता. घसरले होते ते स्वतः गुरुजी, एकदाच, आणि तेही निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी.

झालं असं, की चौसाळ्याच्या शाळेच्या मैदानात पोरं लंगडी खेळत होती आणि वळताना दुसरा पाय खुशाल टेकवत होती. चुकीचं चाललेलं गुरुजींना कधीच बघवलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धोतराचा काठ वर खोचून ते मैदानात उतरले आणि लंगडीत वळण कसं घ्यायचं ते करून दाखवलं. वळण फार सुंदर घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत गुरुजी आडवे झाले. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि गुरुजी पुढच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर. म्हणून नोटरीला घरी यावं लागत होतं. एरवी गुरुजींनी एसटीने बीडला जाऊन सही ठोकली असती आणि दुपारच्या भाकरीला ते परत आले असते.

कागद जमिनीचा नव्हता, घराचाही नव्हता. तो वैद्यकीय इच्छापत्राचा होता. उद्या असा आजार झाला, की ज्यातून माणूस परत फिरत नाही, आणि तेव्हा गुरुजींना स्वतःच्या तोंडाने काही सांगता येईना, तर नळ्या घालून, यंत्रावर ठेवून श्वास ओढत बसू नये; दुखणं तेवढं कमी करावं आणि घरी आणावं. हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा. कायद्याने चालतं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला गुरुजींनी पाटीवर चित्र काढून हे समजावलं होतं. चित्रात एक खाट होती, एक यंत्र होतं, आणि यंत्रावर फुली.

एवढा आटापिटा कशासाठी, तर थोरले भाऊ विश्वेश्वर यांच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी ते बावीस दिवस यंत्रावर होते. त्या बावीस दिवसांत कावेरीवहिनी दवाखान्याच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिल्या. रोज सकाळी डॉक्टर बाहेर येऊन विचारत, काय करायचं? रोज सकाळी वहिनी म्हणत, तुम्हाला बरं वाटेल ते करा. शेवटी जे व्हायचं ते झालंच. पण वहिनी आजही जेवता जेवता मध्येच थांबतात आणि समोर जो असेल त्याला विचारतात, "माझं काही चुकलं का हो?" समोरचा नाही म्हणतो. पुढच्या जेवणाला त्या पुन्हा विचारतात.

तो प्रश्न आपल्या गंगासागरच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, असं गुरुजींनी ठरवलं होतं. आणि गुरुजींनी ठरवलं, की ठरवलं.

नोटरी ठरली. बीडच्या वकील वनमालाबाई. कागद तयार झाला. त्यांच्या कचेरीतून नियमांचं एक पानही आलं. गुरुजींनी लाल पेनने त्यातल्या महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. दोन. त्रयस्थ. साक्षीदार. म्हणजे नात्यातले नकोत.

इथे अडचण सुरू झाली. गावातली निम्मी माणसं गुरुजींच्या नात्यातली होती आणि उरलेली निम्मी त्यांचे विद्यार्थी. विद्यार्थी त्यांनी स्वतःच बाद केले. ज्याचा आपण कान धरला, तो त्रयस्थ कसा? म्हणून बाहेरून आलेले शोधायचे. पण बाहेरून आलेल्या माणसाला गुरुजींच्या घरात शिरताना गंगासागरबाईंच्या चहावरून पुढे यावं लागे.

गंगासागरबाईंचं माहेर परळीजवळचं धर्मापुरी. काही माणसांना जमिनीखालचं पाणी कळतं. पानाड्या तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो आणि झरा आला की नारळ ताठ उभा राहतो. गंगासागरबाईंचं नात्यांच्या बाबतीत तसंच होतं. चहाचा कप द्यायचा, समोर बसायचं आणि विचारायचं, गाव कोणतं, आईचं माहेर कोणतं, बहीण कुठे दिली. आणि जातपात आडवी यायचीच नाही, कारण त्यांच्या हिशेबी धर्मापुरीचा प्रत्येक माणूस भाऊ, धर्मापुरीची लेक केलेला प्रत्येक जण जावई, आणि भावाजावयांच्या पलीकडे जे उरले ते व्याही. चौवेचाळीस वर्षांत त्यांच्या हातचा चहा पिऊन कोणी परका म्हणून उठला नव्हता.

पहिला शहादेव आला. हायवेला त्याचं टायरचं दुकान. तीन वर्षांपूर्वी माजलगावकडून आलेला, गावात ना भाऊ ना भावकी. गुरुजींनी त्याला समोर बसवून पाटी काढली, खाट काढली, यंत्र काढलं. फुली मारायच्या आत चहा आला. शहादेवच्या आईचं माहेर विचारून झालं. आई धर्मापुरीची निघाली! नुसती धर्मापुरीची नाही, तर गंगासागरबाईंच्या बरोबरीने फुगडी खेळलेली. बशीत अजून चहा होता, तोवर शहादेव भाचा झाला. त्याने उठून मावशीच्या पाया पडून घेतलं, मग पलंगाजवळ येऊन काकांच्या. काकांचा एकच पाय हाती लागला, दुसऱ्याला प्लास्टर होतं.

"मग सही?" गुरुजींनी विचारलं.

"अशा कागदावर भाच्यानं सही करायची म्हंजी..." शहादेव मान खाली घालून म्हणाला. "दुसरं कायबी सांगा, काका. जन्मभर टायर फुकट बदलून देतो."

गुरुजींकडे सायकलसुद्धा नव्हती. त्यांनी यादीतलं नाव खोडलं आणि बायकोकडे पाहिलं. त्या कपबशा गोळा करत होत्या.

मंगळवारी युवराज आला. बँकेत नवा साहेब, बदली होऊन थेट कोल्हापूरकडून. गुरुजींनी मनातल्या मनात महाराष्ट्राचा नकाशा उघडून अंतर मोजलं आणि ते निर्धास्त झाले. इतक्या लांब धर्मापुरी पोचत नव्हती. या वेळी वेळ लागला हे खरं. चहाचा एक कप संपला, दुसरा अर्धा झाला. मग निघालं, की युवराजची बहीण अंबाजोगाईला दिलेली आहे. तिची सासू लिंबागणेशची. लिंबागणेशला गंगासागरबाईंची नणंद. त्या नणंदेने शेजारच्या घरातल्या ज्या मुलीला लहानपणी बहीण मानलं होतं, तीच ही सासू. झाले की पाहुणे! युवराजने लगेच बहिणीला फोन लावून दिला. बहिणीने सासूला दिला. सासूने अर्धा तास घेतला. फोन गरम झाल्यावर युवराजने तो परत घेतला आणि गुरुजींना नम्रपणे सांगितलं, की पाहुण्यांच्या घरी पहिल्यांदाच आलो आणि असल्या कागदाला हात लावला, तर बहिणीच्या सासरी काय तोंड दाखवू?

गुरुजी चिडले नाहीत. चिडणं त्यांना येत नसे. ज्या पोराला बे चोक पाठ होत नाही, त्याच्याकडून ते पन्नास वेळा म्हणवून घेत आणि एक्कावन्नाव्या वेळी गूळ-शेंगदाणे देत. त्यांनी बुधवारी बायकोला समोर बसवून शांतपणे समजावलं, की उद्या चहा साडेअकराला. त्याआधी कोणाला चहा नाही, पाणी चालेल. आणि कोणाला गाव विचारायचं नाही.

"आन् नाव?" गंगासागरबाईंनी विचारलं.

नावही नको, असं गुरुजी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. इतक्या सहज डोलावली, की छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

गुरुवारी वनमालाबाई अकराच्या ठोक्याला आल्या. चष्मा, कापडी पिशवी, पिशवीत नोंदवही आणि शिक्का. गुरुजी खूश झाले. वेळ पाळणारं माणूस त्यांना नात्यातलं नसलं तरी आपलं वाटे. दोन साक्षीदार तेवढे येतायत, असं सांगून त्यांनी वकीलबाईंना बसायची विनंती केली. गंगासागरबाईंनी शेंगदाण्याच्या लाडवांची ताटली पुढे केली. लाडवांवर बंदी घालायचं गुरुजींना सुचलं नव्हतं.

गुरुजींची योजना पक्की होती. त्यांनी शहादेवला फोनवर बजावलं होतं, की तुझ्या दुकानात टायर बदलायला थांबलेल्या ट्रकांपैकी ज्याच्या नंबरपाटीवर आपल्या राज्याची अक्षरं नसतील, त्याचे ड्रायव्हर-क्लीनर दोघांनाही घेऊन ये. परराज्य म्हणजे परराज्य! तिथे ना धर्मापुरी, ना लिंबागणेश. ओळखपत्र मात्र बघून घे.

अकरा दहाला शहादेव आला. क्लीनर गाडीखाली आडवा होता, तो काही निघाला नाही. ड्रायव्हर आला. उंच, मिशीवाला, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी. गाडी कर्नाटकची. त्याला मराठी थोडंच येत होतं. गुरुजींना आनंद झाला. भाषासुद्धा वेगळी! एक तर मिळाला, दुसऱ्याचं बघू, असं ते म्हणतायत तोवर गंगासागरबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी गाव विचारलं नाही. नाव विचारलं नाही. वचन म्हणजे वचन. त्यांनी ड्रायव्हरच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. तिथे काळ्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती, अगदी तशीच, जशी गुरुजींच्या स्वतःच्या गळ्यात होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला, लिंगायतांच्या रीतीने हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "शरणार्थी."

"शरणु शरणार्थी, अव्वा!" ड्रायव्हर जागेवरून उठला. त्याने पायांतल्या चपला काढून दाराबाहेर नेऊन ठेवल्या, परत आला आणि वाकून दोघांना नमस्कार केला. पुढच्या तीन मिनिटांत, अर्धं कानडी आणि अर्धं दखनी बोलत, त्याचं नाव सिद्धप्पा, गाव हुमनाबादजवळ, आणि त्यांच्या घराचे स्वामी नि धर्मापुरीच्या घराचे स्वामी एकाच मठाचे, इथपर्यंत गाडी पोचली. गुरुबंधू! यापेक्षा जवळचं नातं गंगासागरबाईंच्या खात्यात नव्हतं. सख्खा भाऊसुद्धा एक पायरी खाली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. राज्याची सीमा त्यांनी फळ्यावर हजार वेळा काढली होती. ती तांबड्या खडूने काढतात, एवढं पोरांना शिकवलं. ती माणसांना दिसत नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

अकरा चाळीस झाले. चहाची वेळ टळून गेली होती. वनमालाबाई तिसरा लाडू खात होत्या. शहादेव भाचा म्हणून एका बाजूला उभा, सिद्धप्पा गुरुबंधू म्हणून दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पलंगावर गुरुजी, एक पाय छताच्या दिशेला.

"गंगे," गुरुजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शहादेव दोन पावलं मागे सरकला. "तू हे मुद्दाम करतीयेस."

गंगासागरबाईंनी नाकारलं नाही.

"कावून? कावेरीवहिनींसारखं बाकड्यावर बसायचंय तुला? रोज सकाळी त्या डॉक्टराला तोंड द्यायचंय?"

गंगासागरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. इतका वेळ हसणारा त्यांचा चेहरा आता हसत नव्हता.

"कागद मी वाचलाय," त्या म्हणाल्या. "तुमी पाटीवर समद्या आळीला समजावलं, म्हून म्या म्हणलं, बघू तरी आपल्या घरात काय लिव्हलंय. तुमाला बोलता न्हाई आलं, तर कुनी सांगायचं, तिथं नाव कुनाचं हाय? पुन्याच्या संगमेश्वरचं. आन् त्याच्याखाली भाऊजींच्या पोराचं. माझं न्हाई."

गुरुजी म्हणाले, की ते तुझ्यासाठीच. संगमेश्वर मुलगा आहे, शिकलेला आहे, त्याला सोसेल.

"वैनी बाकड्यावर बसल्या म्हून रडत न्हाईत," गंगासागरबाई म्हणाल्या. "भाऊजींना काय पायजे व्हतं, त्ये त्यांना कधी कुनी सांगितलंच न्हाई, म्हून रडत्यात. मला म्हाईत असंल, तर मी बसंन की बाकड्यावर. चौवेचाळीस वर्षं झाली, तुमाला मीठ किती, झोप किती, सर्दी झाल्यावर काढा कधी, समदं माझ्याकडं. आन् शेवटचं तेवढं पुन्याला? तुमी शाळंला सांगितलं, आळीला सांगितलं, नोटरीला सांगितलं. मला न्हाई सांगितलं."

सिद्धप्पाला यातलं फारसं मराठी कळलं नव्हतं, पण त्याने शर्टाची दोन्ही बटणं लावून घेतली.

छत्तीस वर्षं गुरुजी पोरांना सांगत आले होते, की समजलं नाही तर विचारावं, त्यात लाज नाही. बायकोला मात्र त्यांनी स्वतः काही विचारलंच नव्हतं. त्यांनी पाटी मागितली. पाटीवर खाट होती, यंत्र होतं, फुली होती. त्यांनी खाटेच्या उशाशी एक बाई काढली. चित्रकला त्यांना कधीच जमली नव्हती. बाई थोडी घागरीसारखी दिसली. गंगासागरबाईंनी पाहिलं, पदराने नाक पुसलं आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, दुखणं कमी करत्याल ना? गुरुजी हो म्हणाले. घरी आणायचं ना? हो. आन् मी जवळ असंन ना? गुरुजींनी पाटीवरच्या घागरीवर बोट ठेवलं.

"मग लिव्हा माझं नाव," गंगासागरबाई म्हणाल्या. "पयलं. संगमेश्वर दुसरा."

वनमालाबाईंनी हात पुसून कागद पुढे घेतला, नाव कुठे घालायचं आणि बाजूला छोटी सही कुठे करायची ते दाखवलं. नाव चढलं. आणि मग गुरुजींच्या लक्षात आलं, की साक्षीदार अजून नाहीतच. त्यांनी खिन्नपणे सांगितलं, की वकीलबाई, आजची खेप फुकट गेली, दोन त्रयस्थ मिळाले नाहीत.

वनमालाबाईंनी चष्मा वर केला आणि शहादेवकडे, मग सिद्धप्पाकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"हा भाचा आणि हा गुरुबंधू," गुरुजी म्हणाले.

मानलेलं नातं कायदा मोजत नाही, असं वनमालाबाईंनी समजावलं. आणि खरं नातं असतं, तरी सगळं अडलं नसतं. कचेरीने पाठवलेल्या पानावर तसं लिहिलंय की! गुरुजींनी पान मागवलं. दुसरी ओळ. दोन. त्रयस्थ. साक्षीदार. सगळ्यांखाली लाल रेघा. आणि त्यांच्या आधी, रेघ न मारलेला, एक छोटासा शब्द: शक्यतो.

शक्यतो! दर वर्षी पहिल्या घटक चाचणीच्या दिवशी ज्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रश्न दोनदा वाचा' असं लिहिलं, त्या गुरुजींनी पान उलटं करून मांडीवर ठेवलं.

"मग तुम्ही इतका वेळ बोलला का नाहीत?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला ही माणसं पसंत नाहीत," वनमालाबाई म्हणाल्या. "आणि लाडू चांगले होते."

शहादेवचा प्रश्न उरला होता. तो अजूनही भाचाच होता. पण मावशीने त्याला जवळ बोलावून सांगितलं, की परक्याच्या सहीपेक्षा भाच्याची सही बरी, निदान उद्या कुणी विचारलं तर खरं सांगशील. शहादेवने डोळे पुसून सही केली, टायरवर तारीख घालतो तशी ठळक. सिद्धप्पाला दखनीत दोनदा समजावलं. त्याने गंभीरपणे ऐकलं, आपल्या आजीलाही असं हवं होतं असं म्हणाला, आणि कानडीत गोल गोल सही केली. गुरुजींनी सही केली. वनमालाबाईंनी नोंदवही भरली आणि शिक्का उचलला. त्याच क्षणी गंगासागरबाईंनी तोंड उघडलं.

"वकीलबाई, तुमचं म्हायेर..."

"शिक्का पडू दे आधी!" गुरुजी पलंगावरून ओरडले.

शिक्का पडला. मग कळलं, की वनमालाबाईंची आजी धर्मापुरीची. त्या जेवूनच गेल्या.

सगळे गेल्यावर, उन्हं पुढच्या खोलीतून बाहेर सरकली तेव्हा, गुरुजींनी समाधानाने उशीला पाठ टेकली. एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची होती, एक संगमेश्वरला पाठवायची होती. वेळापत्रक कोलमडलं होतं, पण काम झालं होतं. राहिलेला साडेअकराचा चहा आता आला. गुरुजींनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. साखर नव्हती.

गंगासागरबाई म्हणाल्या, की डॉक्टरांनी कमी सांगितलीये, आन् आता निर्णय माझ्याकडे आहे, तसा कागद झालाय.

गुरुजींनी घसा साफ केला. चौथीच्या वर्गाला अपूर्णांक समजावतात त्या संथपणे त्यांनी सांगितलं, की अगं, तो कागद आत्ता लागू नाही. मला स्वतःच्या तोंडाने काही बोलता येईनासं होईल, त्या दिवसापासून तो लागू.

"बरं," गंगासागरबाई म्हणाल्या. त्या समोर बसल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग बोला."

गुरुजींनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. मग कप उचलून चहा संपवला.

कागद गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लागू झाला.